आईचा आकडा दोनशे, मावशीचा तीन

पावणे एमआयडीसीत आईची सकाळची पाळी सातला सुरू होते. त्यासाठी ती कोपरखैरणेच्या आमच्या घरातून सव्वासहाला निघते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती पाचऐवजी चारला उठायला लागली. आम्हाला वाटलं, वयामुळे झोप कमी झाली असेल. खरं कारण दीड महिन्यांनी कळलं, तेही चुकून. सबमिशनसाठी मी रात्रभर जागी होते आणि पहाटे बाटली भरायला स्वयंपाकघरात गेले, तर आई पातेल्यातल्या कोमट पाण्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसली होती. "बोटं वळत नाहीत गं सकाळची," ती म्हणाली. "तासभर लागतो. मग होतात नीट." तो तास मिळावा म्हणून ती चारला उठत होती.

कंपनीत ती पॅकिंगला आहे. दिवसभर खोके, टेप, बाटल्यांची झाकणं. तिथल्या बायकांनी आधी चिकनगुनियाचं निदान केलं, मग कॅल्शियमचं, मग 'थंडीत होतंच'चं. शेवटी तपासण्या झाल्या आणि दादाच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. आरए फॅक्टर ८६. त्याखाली अँटी-सीसीपी, ठळक अक्षरांत: २०० पेक्षा जास्त. बाजूला लहान अक्षरांत नॉर्मल मर्यादा: २०. दादा म्हणाला, "दहापट!" कुणीतरी ओळखीच्यांनी लगेच सांगून टाकलं की एवढा आकडा म्हणजे रोग शेवटच्या टप्प्यात. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

माझं डोकं मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. आईची सख्खी मोठी बहीण, माझी मावशी, साताऱ्याकडे असते. तिची बोटं करंगळीच्या दिशेला झुकलेली आहेत. लहानपणी मला वाटायचं, भाकऱ्या थापून थापून तशी झाली. सहा वर्षांपूर्वी तिचीही हीच तपासणी झाली होती आणि आकडा आला होता ३. म्हणजे निगेटिव्ह. "रिपोर्ट चांगला आहे, वयाचं दुखणं आहे," असं सांगून तिला परत पाठवलं गेलं. तिला नीट औषध सुरू व्हायला पुढे चार वर्षं लागली. तोवर बोटं गेली होती.

एकाच आईच्या पोटच्या दोघी. एकीचा आकडा दोनशेच्या वर आणि ती अजून खोके भरतेय. दुसरीचा तीन आणि तिला चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. मी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रतिपिंडाची, म्हणजे अँटीबॉडीची ती वाय आकाराची आकृती मी परीक्षेत डोळे मिटून काढते. पण हा आकडा नक्की काय मोजतो, हे मला सांगता येईना. लाज वाटली. मग वाचायला बसले.

आधी रोगाचं नाव. घरात आपण सगळ्यालाच संधिवात म्हणतो. पण म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं आणि हा रुमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, तो वेगळा. इथे झीज नंतर येते. आधी आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. वय तीस असो की पन्नास, तिला फरक पडत नाही. बायकांमध्ये हा रोग पुरुषांच्या दोन-तीन पट दिसतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या पद्धतीने झालेली ही पाहणी जगभर उद्धृत होते. चार हजारांवर प्रौढांत या आमवाताचं प्रमाण निघालं साधारण अर्धा टक्का. आकडा छोटा वाटतो. पण दोनशे माणसांमागे एक म्हणजे आपल्या कॉलेजच्या एका मोठ्या लेक्चर हॉलमागे एक घर.

आता प्रतिपिंडं. १९४० च्या सुमारास नॉर्वेत एरिक वालर नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की अशा एका रुग्णाच्या रक्तद्रवात मेंढीच्या तांबड्या पेशी घातल्या की त्यांच्या गाठी होतात. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांना तेच दिसलं. हाच तो आरए फॅक्टर: आपल्याच प्रतिपिंडांना चिकटणारं प्रतिपिंड. घरच्या वॉचमनवर पाळत ठेवणारा दुसरा वॉचमन म्हणा. अडचण अशी की हा फॅक्टर क्षयरोगात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये, अगदी धडधाकट म्हाताऱ्यांतही सापडतो. आपल्याकडे क्षयाचं प्रमाण बघता नुसत्या आरए फॅक्टरवर आमवाताचा शिक्का मारणं धोक्याचं आहे, आणि तो सर्रास मारला जातो.

दुसरी तपासणी, अँटी-सीसीपी, जास्त नेमकी. तिची गोष्ट कलिंगडापासून सुरू होते. आपली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी बनतात, हे बारावीत घोकलंय. सिट्रुलिन त्या विसात नाही. कुठलंही जनुक शरीराला 'इथे सिट्रुलिन लाव' असं सांगत नाही. कलिंगडाच्या रसात ते पहिल्यांदा सापडलं, म्हणून कलिंगडाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. पण पेशींत पॅड नावाचं एक एन्झाइम असतं. ते तयार प्रथिनातल्या आर्जिनिनचं जागच्या जागी सिट्रुलिन करतं. आर्जिनिनवर धन प्रभार असतो, सिट्रुलिनवर नसतो. एवढ्याशा बदलाने ओळखीचं प्रथिन परकं दिसू लागतं आणि काही लोकांचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे धागे जुळवले आणि पुढच्या काही वर्षांत आजची तपासणी आली. (कलिंगड खाऊन आमवात होत नाही. आईने विचारलं होतं, म्हणून लिहिलं.)

'काही लोकांचं शरीर' म्हणजे कुणाचं? इथे जनुकं येतात.

जनुकं प्रतिपिंडं ठरवतात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ मध्ये केईएममधले डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगापुढे आणला. एक जनुक काम करत नाही, म्हणून त्या माणसाच्या रक्तात अगदी ओ गटाच्या रक्ताविरुद्धही प्रतिपिंडं असतात. एक जनुक, एक निकाल. आमवात इतका सरळ असता तर बरं झालं असतं. २०२२ मध्ये पावणेतीन लाख माणसांच्या जनुकांची तुलना करून आमवाताशी संबंध असलेल्या जागा मोजल्या गेल्या. त्या १२४ भरल्या. बहुतेकींचा वाटा चिमूटभर. एकीचा मात्र ओंजळभर: सहाव्या गुणसूत्रावरचं एचएलए-डीआरबी१.

या जनुकाने बनणारं प्रथिन म्हणजे पेशीचा तळहात समजा. आत सापडलेल्या प्रथिनाचा तुकडा या तळहातावर ठेवून पेशी तो टी-पेशीला दाखवते: 'हे बघ, आपलं आहे का?' टी-पेशीला परकं वाटलं, तर ती बी-पेशीला प्रतिपिंडं बनवायला सांगते. तळहाताचा आकार माणसागणिक वेगळा, आणि तो आई-वडिलांकडून येतो. १९८७ मध्ये पीटर ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आमवाताशी जोडलेल्या वेगवेगळ्या डीआरबी१ प्रकारांत ७० ते ७४ या जागांवरची पाच अमिनो आम्लं जवळपास सारखीच असतात. त्या सारख्या तुकड्याला 'शेअर्ड एपिटोप' म्हणतात. पुढे दिसलं की या तळहातातला खळगा स्वतःच धन प्रभाराचा आहे. म्हणजे तो आर्जिनिनला झिडकारतो आणि सिट्रुलिनला नीट बसवून घेतो. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीवरून उठले. बारावीतलं प्रभारांचं आकर्षण-प्रतिकर्षण, आणि त्यावर माझ्या आईची बोटं!

२००६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने याहून मोलाची गोष्ट दाखवली. शेअर्ड एपिटोप आमवात घडवतो असं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. तो मुख्यतः ही प्रतिपिंडं घडायला मदत करतो. आई-वडील दोघांकडून तो आला असेल, तर पातळी सरासरीने आणखी वर. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं नाहीत अशा रुग्णांत त्याचा जोर फारसा दिसतच नाही. म्हणजे एकाच नावाखाली निदान दोन रोग आहेत, आणि त्यांची जनुकीय वाट वेगळी आहे. आई एका वाटेने गेली, मावशी दुसऱ्या. मशीन बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते 'निगेटिव्ह म्हणजे नाही' हे वाचन.

आकडा किती वर जाईल, यातही एचएलएचा हात आहे, आणि तो दरवेळी अपेक्षित बाजूने नसतो. युरोपातल्या रुग्णांवरचा २०१२ मधला एक अभ्यास आहे. त्यात अँटी-सीसीपीची अतिशय उंच पातळी डीआर१५ या प्रकाराशी जोडलेली निघाली, आणि डीआर१५ मध्ये शेअर्ड एपिटोप नसतोच! उलट जपानमध्ये डीआर९ असलेल्या रुग्णांत पातळी कमी दिसली. डीआर१५ भारतात भरपूर आढळतो. आईचा दोनशे त्यामुळेच आला असं मी म्हणत नाही, तिची एचएलए तपासणी झालेली नाही. पण दोन रुग्णांचे आकडे शेजारी ठेवून 'हिचा रोग जास्त, तिचा कमी' म्हणणं किती पोकळ आहे, ते यावरून कळतं.

युरोपचं माप आपल्याला जसंच्या तसं लागत नाही, हेही इथे सांगायला हवं. तिकडे शेअर्ड एपिटोप बहुतेकदा डीआर४ मधून येतो. भारतीय रुग्णांत डीआर१० चा वाटाही मोठा दिसतो. पीटीपीएन२२ नावाच्या जनुकातला एक बदल २००४ मध्ये सापडला आणि युरोपीय लोकांत तो आमवाताचा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा जनुकीय दुवा ठरला. भारतीयांत तो बदल इतका विरळ आहे की त्यावरून इथे कुणाचा धोका मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा घालणं. वर सांगितलेल्या २०२२ च्या अभ्यासातही दक्षिण आशियाई नमुने थोडेच होते. इंटरनेटवरून थुंकीची किट मागवून 'जेनेटिक रिस्क' काढणाऱ्या मित्रमैत्रिणींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग सगळं जनुकांवरच? नाही, आणि इथे माझा दादा या गोष्टीत येतो.

एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. तरी ब्रिटनमधल्या १९९३ च्या अभ्यासात एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण होतं शंभरात फक्त १५. स्वीडनमध्ये २०१५ मध्ये १२,५९० जुळ्यांचं रक्त तपासलं. ही प्रतिपिंडं सापडली शंभरात जेमतेम तिघांत, आणि त्यांच्यातही आमवात होता साधारण तिघांतल्या एकालाच. संशोधकांचा निष्कर्ष असा की प्रतिपिंडं मुळात तयार होण्यात भोवतालच्या गोष्टींचा वाटा मोठा आहे. प्रतिपिंडं असलेल्या माणसाला पुढे आमवात होतो की नाही, यात एचएलएचं वजन वाढतं. लायडनच्या म्हणण्याशी हे तंतोतंत जुळत नाही. विज्ञानात असं असतं, पाठ्यपुस्तकात नसतं.

भोवतालच्या गोष्टींत पहिला नंबर सिगारेटचा. स्वीडनच्या लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की धुराने फुफ्फुसात सिट्रुलिन झालेली प्रथिनं वाढतात. शेअर्ड एपिटोप दोन्हीकडून आलेला आणि वर सिगारेट, अशा माणसाला प्रतिपिंडांसह होणाऱ्या आमवाताचा धोका होता दोन्ही नसलेल्याच्या २१ पट. सांध्याचा रोग, पण ठिणगी बहुधा फुफ्फुसात पडते. हिरड्यांवरही संशय आहे: हिरड्यांच्या रोगातल्या एका जिवाणूकडे स्वतःचं पॅडसारखं एन्झाइम असतं. आई गावाकडच्या सवयीने मिश्री लावते. बिनधुराच्या तंबाखूवर, स्वीडनच्या स्नसवर अभ्यास झालाय आणि त्यात संबंध दिसला नाही. पण स्नस म्हणजे मिश्री नव्हे, आणि मिश्रीने आईच्या हिरड्यांची काय दशा झालीय ते मला दिसतं.

आणि दगडाची धूळ. स्वीडनच्याच अभ्यासांत खडक फोडणाऱ्या, सिलिकाची धूळ खाणाऱ्या पुरुषांत हा आमवात जास्त निघाला. त्यात सिगारेट असेल तर धोका कितीतरी पटींनी चढला. हे वाचताना मला स्वीडन नाही, पारसिकचा डोंगर दिसला. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पूर्वेला जी कापलेली, उघडी पडलेली अंगं दिसतात, तिथे वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या. आपली अर्धी नवी मुंबई त्या खडीवर उभी आहे. ती खडी फोडणाऱ्यांचे सांधे कुणी मोजले का, हा प्रश्न एखाद्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेल.

आता माझं. मला हा रोग होईल का? हा प्रश्न मी आईसमोर कधी उच्चारला नाही, पण तिने तो माझ्या तोंडावर वाचला असणार. कारण एक दिवस ती म्हणाली, "तुझीपण करून घे टेस्ट. पैसे देते मी." मोबाइलवर 'आर्थ्रायटिस पॅकेज'च्या सवलतीचे मेसेज येतच होते. टायपिंग केलं की माझी बोटं दुखतात, हेही मला अचानक जाणवायला लागलं होतं.

आईच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी मला टेस्ट लिहून दिली नाही. माझे हात दाबून पाहिले आणि काही प्रश्न विचारले. सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास बोटं आखडतात का? पेरांवर सूज येते का? ती आठवडे टिकते का? तिन्हींना नाही. मग थांब, म्हणाले. यातलं काही सुरू झालं तर मात्र त्याच आठवड्यात ये. सख्ख्या नात्यात हा आमवात असेल तर धोका साधारण तिपटीने वाढतो. भिगवणचा अर्धा टक्का धरला तर दीड टक्का. म्हणजे माझ्यासारख्या शंभर मुलींपैकी अठ्ठ्याण्णवजणींना तो होणार नाही.

टेस्ट करून काही कळलंच नसतं असं नाही. डच रक्तदात्यांच्या जपून ठेवलेल्या रक्तावर २००४ मध्ये अभ्यास झाला. पुढे आमवात झालेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून होती. २०२४ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले: प्रतिपिंडं आहेत, सांधे दुखतात, पण सूज नाही अशा लोकांना अ‍ॅबाटासेप्ट हे औषध दिलं तर आमवात लांबला. औषध बंद केल्यावर परिणाम हळूहळू ओसरला. म्हणजे दार किलकिलं झालंय. पण ज्याला काहीच त्रास नाही, त्याच्या हातात आज नुसता आकडा देणं म्हणजे वीस वर्षं रोज सकाळी बोटं मोजत बसायला लावणं. मला ते नको होतं.

आईच्या बाबतीत आकड्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. २०१० पासूनच्या निदानाच्या निकषांत प्रतिपिंडांची पातळी मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर तीन गुण मिळतात. दहापैकी सहा झाले की निदान पक्कं. शिवाय ही प्रतिपिंडं असलेल्यांत हाडं खाल्ली जाण्याचा धोका सरासरीने जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी वेळ न घालवता मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल आहे. 'शेवटचा टप्पा' वगैरे काही नव्हतं. एक्स-रे स्वच्छ होता.

पाच महिने झाले. मध्ये दादाने हौसेने पुन्हा अँटी-सीसीपी करून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, हा आकडा पुन्हापुन्हा बघायचा नसतो. परत २०० पेक्षा जास्तच आला. दादाचा चेहरा पडला. आई तेव्हा लोणच्याच्या बरणीचं झाकण काढत होती, एकटी, फडकं न लावता. हल्ली ती पाचला उठते.

मावशीलाही तेच औषध चालू आहे. सूज उतरली, बोटं सरळ व्हायची नाहीत. फोनवर ती आईला म्हणते, "तुझं बरंय बाई, तुझा रिपोर्ट तरी वाईट आला."

डॉक्टरांनी त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त वेळ दादाशी बोलण्यात घालवला. पावणे नाक्यावरच्या टपरीवर त्याच्या रोज चार-पाच व्हायच्या, आणि आईचा तळहात त्याच्याकडेही आला असण्याची शक्यता माझ्याइतकीच, निम्मी. सोडली म्हणतो. आता नुसता कटिंग घेतो. लायटर अजून त्याच्या पँटच्या खिशात असतो, कपडे धुताना मलाच सापडतो.